कजलीच्या तलावातली ओहोटी

१

आनंदरावांची पाणी तपासायची एक ठरलेली रीत होती. काठावर उकिडवं बसायचं, खिशातून मूठभर गव्हाचा भुसा काढायचा आणि पाण्यावर हलकेच सोडायचा. भुसा वाहत गेला तर उठायचं, धोतर झटकायचं आणि घरी जायचं. नाही गेला तर दुसरी परीक्षा. शिशाचं वजन लावलेली दोरी तळापर्यंत सोडायची आणि ती सरळ उतरते की तिरपी होते ते बघायचं. दोरी सरळ उतरली तर तिसरी. काठाच्या दगडावर, पाणी टेकतं नेमकं तिथं चुन्याची एक रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन ती जागेवर आहे का ते पाहायचं.

एवढं करूनही त्यांच्या मनाची खात्री होत नसे. तीस वर्षांच्या माणसानं एवढी काळजी घेतली असती तर लोकांनी त्याला शहाणा म्हटलं असतं. आनंदराव पंचेचाळिशीला आलेले, सफरमैना पलटणीतून हवालदार होऊन बाहेर पडलेले, मुंबईच्या गोदीत लोखंडी टोप घालून जहाजांची बुडं तपासलेले पाणबुडे. म्हणून इंदूरच्या पाणी खात्यातली माणसं त्यांच्या पाठीमागे हसत. पाण्याला घाबरणारा पाणबुड्या, असं त्यांचं नावच पडलं होतं.

आनंदराव पाण्याला घाबरत नव्हते. ते ओढीला घाबरत होते. आदल्या पावसाळ्यात खलघाटला नर्मदेच्या पुरात त्यांना पुलाच्या खांबाशी उतरवलं होतं, तेव्हा दोर खांबाला गुंडाळला गेला आणि प्रवाहानं त्यांना दगडाशी दाबून धरलं. अकरा मिनिटं. नंतर वर काढलं तेव्हा हाडं शाबूत होती, पण पोटात एक गोळा बसला तो बसलाच. तेव्हापासून नळाखाली हात धरला तरी पाणी कुठल्या बाजूला ओढतंय हे त्यांच्या आधी ध्यानात येई.

२

सन बासष्टचा जानेवारी चालू होता. मध्य प्रदेश होऊन पाच-सव्वापाच वर्षं झाली होती. खात्यानं ठरवलं होतं की तलावांच्या मोऱ्या, जाळ्या, दारं पाण्याखालून तपासायला आपले स्वतःचे पाणबुडे हवेत. परदेशी बनावटीचे दोन संच आले होते. पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या, तोंडात धरायची रबरी नळी, डोळ्यांवर काच. शिकवायला आनंदराव आणि शिकायला तुकोजी.

तुकोजी खात्यात व्हॉल्व्ह उघडझाप करणारा गडी. वय तिशीचं, आजोबा होळकरांच्या पागेत होते, आणि नातवाच्या अंगात अजून घोडं होतं. कशाचीच भीती नाही.

मोठे साहेब होते जयसिंगराव इंजिनियर. त्यांनी आनंदरावांना बोलावून टेबलावर नकाशा पसरला.

"जागा तुम्ही निवडा, हवालदारजी. पण जल्दी. पहिले सही इथल्या इथं व्हायची, आता फाइल भोपाळला जाते आणि तिकडून रोज विचारणा येऊन राहिली आहे. मंडलेश्वरला नर्मदेवर जाता का?"

"नर्मदा नको, साहेब."

"बरं. मानपूरच्या खाली नदी आहे."

"तिथं उतार आहे. पाणी पळतं."

"यशवंतसागर?"

"तिथं दारं आहेत. दार म्हटलं की खालून ओढ आली. नव्या माणसाला तिथं कसं उतरवू?"

जयसिंगरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "हवालदारजी, सीधी बात सांगतो. पंधरा दिवसांत तुम्हाला जागा नाही मिळाली, तर मी तुकोजीला मंडलेश्वरला पाठवणार. तिथं दुसरा शिकवणारा येईल. तो भुसा नाही टाकणार."

तिथून आनंदराव तुकोजीच्या घरी गेले. मल्हारगंजात दोन खोल्या होत्या. तुकोजीची बायको शशिकला चुलीशी गराडूच्या कंदाचे काप तळत होती आणि चार वर्षांची मंगला बापाच्या पाठीवर बसून त्याची टाकी झाली होती. शशिकलानं गराडूवर जिरावण मसाला भुरभुरून बशी पुढे केली आणि दारातच उभी राहिली.

"दादा, हे तर कुठेही उडी मारतील. ह्यांना अक्कल नाही. तुम्ही आहात म्हणून मी हो म्हटलं."

"अरे भिया, फोकटमध्ये घाबरते ही," तुकोजी म्हणाला.

"तुम्ही गप." ती आनंदरावांकडेच बघत होती. "मंडलेश्वरला नका पाठवू देऊ ह्यांना. माझा भाऊ तिथंच गेला, पोहणारा होता तो. तुम्ही मला सांगा, ओढ नसलेलं पाणी शोधाल ना?"

"शोधीन," आनंदराव म्हणाले. "आणि ह्याला परत दारात आणून सोडीन. माझा शब्द आहे."

शब्द त्यांनी सहज दिला नव्हता. रस्त्यानं परतताना तो त्यांना पाठीवरच्या टाकीपेक्षा जड वाटत होता.

३

कजलीचा तलाव देपालपूरच्या रस्त्यावर, शहरापासून दोन-अडीच कोसांवर होता. कोणी बांधला, कधी बांधला, कोणाला माहीत नव्हतं आणि कोणाला फिकीरही नव्हती. एका बाजूला दगडी पायऱ्या, तिन्ही बाजूंना गव्हाची शेतं. खात्याचा चौकीदार मालोजी तिथं टपरीत राहायचा. गुळगुळीत दाढी केलेला, थोडक्यात बोलणारा म्हातारा.

आनंदरावांनी भुसा सोडला. भुसा पाण्यावर नुसता पसरून पडला. अर्धा तास झाला तरी एक काडी इकडची तिकडे झाली नाही. दोरी सोडली. ती बावीस फुटांवर चिखलात टेकली, अगदी सरळ. आनंदरावांनी सुटकेचा श्वास सोडला, चुना कालवला आणि पायरीवर पाण्याच्या काठाला रेघ मारली. घड्याळात सकाळचे सात वाजले होते.

जेवण उरकून ते दुपारी परत आले, ते संच ठेवायला टपरी पुरेल का बघायला. एक वाजत होता. रेघ पाण्यापासून वीतभर वर, कोरड्या दगडावर होती.

त्यांनी आधी स्वतःलाच दोष दिला. रेघ चुकून वर मारली असेल. मग वाकून बघितलं, तर रेघेखालचा सगळा दगड ओला होता, नुकता उघडा पडल्यासारखा.

"मालोजी, मोरी उघडली होती का?"

"मोरी कुठे आहे इथं, साहेब? नाहीच आहे."

"मग कोणी मोटर लावली?"

"इथं बिजली पण नाही आहे."

आनंदराव संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. सूर्य कलला, बगळे उठून गेले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी वर आलं. तरंग नाही, आवाज नाही. दगडाचा कोरडा रंग खालून हळूहळू गडद होत गेला आणि सातच्या सुमाराला, मालोजीच्या कंदिलाच्या उजेडात, पाणी चुन्याच्या रेघेला येऊन टेकलं. मग तिथंच थांबलं.

समुद्रापासून दोनशे मैलांवर, माळव्याच्या काळ्या मातीत, एका तलावाला भरती आली होती. आनंदरावांना पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं. त्यांना वाटलं की आपण कोणाच्या तरी खोलीत न विचारता आलो आहोत आणि तिथं कोणी झोपलेलं आहे.

४

माणूस हिशेबी होता. रात्री त्यांनी पाटीवर गणित मांडलं. तलाव चारशे फूट लांब, तीनशे रुंद, पाणी उतरलं नऊ इंच. म्हणजे साडेपाच लाख गॅलन पाणी सहा तासांत कुठेतरी गेलं आणि सहा तासांत परत आलं. एवढं पाणी ज्या तोंडातून जातं, तिथं ओढ केवढी असेल? खलघाटची नर्मदा त्यापुढे काहीच नाही. आणि भुशाची काडी हलत नव्हती.

पुढचे चार दिवस ते रोज गेले. रोज सातला पूर्ण, एकला ओहोटी. त्यातही एक गोष्ट त्यांना खुपत होती. समुद्राची भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, हे गोदीत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ही सरकत नव्हती. ही चंद्राची नव्हती. मग कोणाची?

त्या प्रश्नाच्या तोंडाशी येऊन त्यांचं डोकं दर वेळी माघारी फिरे. जमिनीखाली पोकळ्या असतील. हवेचा दाब असेल. जयसिंगरावांना सांगायचं मनात आलं, पण काय सांगणार? घाबरट पाणबुड्याला आता तलावात समुद्र दिसायला लागला, असं खात्यात झालं असतं आणि तुकोजी दुसऱ्या दिवशी मंडलेश्वरच्या गाडीत बसला असता. तिथं ओढ होती हे पक्कं होतं. इथं ती दिसत तरी नव्हती.

मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्या धंद्यातला कोणीही करेल. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी घटकाभर थबकतं. गोदीतले पाणबुडे त्या वेळेतच उतरतात आणि पाणी हलायच्या आत वर येतात. कजलीला हे थबकणं चांगलं चाळीस मिनिटं टिकत होतं, घड्याळ लावून त्यांनी ते चार वेळा मोजलं होतं. तुकोजीला पंधरा मिनिटं पुरे होती.

रविवारी सकाळी सातला, भरल्या पाण्यात ते स्वतः उतरले. बावीस फूट, गढूळ पाणी, तळाला मऊ चिखल, बाकी काही नाही. आठ मिनिटांत वर आले. पोटातला गोळासुद्धा जागचा हलला नव्हता. जागा पसंत आहे, असं त्यांनी साहेबांना कळवलं.

साहेबांचं उत्तर आलं की सोमवारी मी बघायला येतो, पण मला वेळ दुपारी एकचाच आहे.

एक म्हणजे ओहोटीचं थबकणं. भरतीचं काय नि ओहोटीचं काय, थबकलेलं पाणी ते थबकलेलंच, असं आनंदराव स्वतःला म्हणाले. चूक केली ती इथं.

५

सोमवारी ऊन छान पडलं होतं. जयसिंगरावांनी नारळ आणला होता. तो त्यांनी फोडला, आणि आनंदराव नेहमीप्रमाणे बाजूला उभे राहिले. छप्पन्न साली नागपूरहून परतल्यापासून त्यांनी देवापुढे हात जोडणं सोडलं होतं, आणि खात्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तुकोजीच्या टाकीचा काटा त्यांनी तपासला. पूर्ण भरलेली. कमरेला दोर बांधला. खुणा पुन्हा घोकून घेतल्या. वरून एक झटका म्हणजे ठीक आहेस का. खालून एक झटका म्हणजे ठीक आहे. चार म्हणजे ओढा.

"पंधरा मिनिटं. पाऊल खाली टेकलं की तिथंच थांब. कुठे फिरू नको."

"बिलकुल नाही फिरणार, भिया," तुकोजी म्हणाला आणि पायऱ्या उतरत पाण्यात गेला. एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

बुडबुडे नीट येत होते. आनंदराव गुडघाभर पाण्यात उभे राहून दोर सोडत होते. वीस फूट, बावीस. दोर थांबला नाही. तीस झाला. चाळीस. आनंदरावांनी एक झटका दिला. खालून एक झटका आला. ठीक आहे.

सातव्या मिनिटाला बुडबुडे थांबले.

त्यांनी झटका दिला. लगेच उत्तर आलं, ठीक आहे. त्यांनी पुन्हा दिला. पुन्हा ठीक आहे, तितक्याच शांतपणे. श्वास सोडल्याशिवाय माणूस किती वेळ ठीक राहील? त्यांनी दोर ओढला. तो एखाद्या झाडाला बांधल्यासारखा ताठ झाला आणि तसूभर आला नाही.

"काय झालं, हवालदारजी?" मागून जयसिंगराव म्हणाले.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. आनंदरावांनी दुसऱ्या संचातली काच डोळ्यांवर चढवली आणि छातीभर पाण्यात जाऊन चेहरा खाली घातला.

वरचा हातभर थर गढूळ होता. त्याखाली पाणी नव्हतंच म्हणावं इतकं स्वच्छ होतं. चिखल गेला होता. पायऱ्या खाली जात होत्या, एकेक पायरी मैदानाएवढी रुंद, आणि जिथं तळ असायला हवा होता तिथून पुढेही त्या जातच होत्या. उजेड वरून नव्हता, खालून येत होता. पुष्कळ खाली एका पायरीवर तुकोजी बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंडातली नळी सोडून. आणि त्याच्याही खाली, जिथं पायऱ्या दिसेनाशा होत होत्या तिथं सगळाच्या सगळा तळ संथपणे वर उचलला जात होता, चादरीखाली झोपलेल्या माणसाची छाती उचलते तसा.

आनंदरावांना भीती वाटली नाही. पावसाळ्यापासून पोटात बसलेला गोळा कधी विरघळला ते कळलंही नाही. एवढं मोठं काही असू शकतं आणि ते इतकं शांत असू शकतं, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी येऊन काच धुरकट झाली. आपण हात जोडले आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा दोर बोटांतून सुटून गेला होता.

मग पाणी वर आलं. त्या पाण्यानं त्यांना अलगद उचलून दोन पायऱ्या मागे ठेवलं. मागोमाग तुकोजी चालत वर आला, एकेक पायरी चढत, हसऱ्या चेहऱ्यानं.

जयसिंगरावांनी टाळ्या वाजवल्या. तुकोजीला पाण्याखाली सव्वीस मिनिटं झाली होती. आनंदरावांनी त्याच्या टाकीचा काटा पाहिला. तो पूर्ण भरलेल्या खुणेवर होता. पहिल्या सात मिनिटांची हवासुद्धा कमी झालेली नव्हती.

"कसं वाटलं?" साहेबांनी विचारलं.

तुकोजीनं नुसती मान हलवली. तो बोलला नाही.

६

गुरुवारी सकाळी दहाला शशिकला आनंदरावांच्या छावणीतल्या खोलीवर आली. ते तिथं एकटेच राहत, बायको कांताबाई महूला घरी असे. शशिकला उंबऱ्यातच बसली. रडून रडून तिचे डोळे आता कोरडे झाले होते.

"दादा, हे बोलत नाहीत."

"ताप आहे?"

"काही नाही. डॉक्टर येऊन गेले. नाडी चांगली आहे म्हणतात, आराम करू द्या. पण हे जेवत नाहीत, झोपत नाहीत. बसून राहतात, आणि चांगल्या मूडमध्ये असल्यासारखे बसून राहतात. मतलब, बोलत नाहीत असं पण नाही. बोलून राहिले आहेत. पण एकेक अक्षर."

"म्हणजे?"

"दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत हे श्वास आत घेतात. नुसता आत. मग सातला सोडायला लागतात, रात्री एकपर्यंत, आणि तेव्हा आवाज येतो, बारीक. मग सकाळी सातपर्यंत पुन्हा आत, आणि सातपासून पुन्हा बाहेर. सोमवारी रात्री मी ऐकत होते, 'श' असं काहीतरी. मला वाटलं सर्दी आहे. मंगळवारी सकाळी 'शि'. रात्री 'क'. काल सकाळी 'ला'." तिचा आवाज फुटला. "दोन दिवस लागले, दादा, मला हाक मारायला."

आनंदराव चप्पल घालून तिच्याबरोबर निघाले.

तुकोजी खिडकीशी खाटेवर बसला होता. चेहरा तुकतुकीत, डोळे प्रेमळ, पण ते डोळे आनंदरावांकडे वळायला बराच वेळ लागला. त्याच्या ओठांतून एक लांबलचक बारीक सूर निघत होता, दूर कुठे चक्की चालू असावी तसा. आनंदराव शेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. छाती उतरत होती. ती उतरते आहे हे बघायला त्यांना तासभर लागला.

"काल रात्री 'पा' म्हणाले," शशिकला हळूच म्हणाली. "आज सकाळपासून हे चालू आहे. ईऽऽ. मला वाटतं 'णी' आहे. मी पाणी दिलं, पीत नाहीत."

बरोबर एक वाजता सूर थांबला. आनंदरावांना घड्याळ बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी ते बघितलं. देपालपूरच्या रस्त्यावर त्या क्षणी चुन्याची रेघ वीतभर वर, कोरड्या दगडावर असेल. तळव्याखाली छाती पुन्हा भरू लागली. त्या खोलीत मंगला भातुकली मांडून बसली होती, शेजारी कोणाचा रेडिओ चालू होता, आणि आनंदरावांच्या हाताखाली तो तलाव होता.

"पिण्यासाठी नाही मागत तो," ते म्हणाले. "त्याला परत न्यायला हवं."

७

हे त्यांनी डोकं फिरून म्हटलं नव्हतं. पाणबुड्यांचा तो जुना इलाज आहे. खोलातून फार लवकर वर आलेल्या माणसाला रक्तात अडकलेल्या हवेनं घेरलं तर त्याला पुन्हा तितक्याच खोल नेतात आणि थांबत थांबत, पायरी पायरीनं वर आणतात. गोदीत त्यांनी एका पंजाबी पाणबुड्याचा जीव असा वाचलेला पाहिला होता. तुकोजी खोलातून एकदम वर आला होता. त्याला खाली न्यायचं आणि सावकाश वर आणायचं. एवढंच.

शशिकलानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "खरं सांगा. तिथं ओढ आहे का?"

"आहे."

"मंडलेश्वरपेक्षा जास्त?"

"त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. मी तुला चुकीचं सांगितलं, पोरी. पण त्याला मी उतरवलं, मीच आणीन. ह्या वेळी वर दोर धरून उभा राहणार नाही. मी स्वतः त्याच्या शेजारी असेन."

ती पुष्कळ वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. तुकोजीच्या ओठांवर हसू होतं, पण ते तिच्यासाठी होतं की दुसऱ्या कशासाठी, हे तिला कळेना, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

"न्या," ती म्हणाली. "असे माझ्याजवळ बसून माझ्याजवळ नसण्यापेक्षा, न्या. आणि परत आणा."

एक गोष्ट आनंदरावांनी तिला सांगितली नाही. सोमवारपासून त्यांना रोज पहाटे जाग येत होती आणि डोळ्यांसमोर त्या रुंद पायऱ्या येत होत्या. तुकोजीला वाचवायला ते जात होते, हे खरं. पण उद्या एक वाजेल तेव्हा आपण पुन्हा तिथं असू, या विचारानं त्यांच्या अंगावर आनंदाचा काटा येत होता, हेही तितकंच खरं होतं. आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

शुक्रवारी टांगा करून ते तुकोजीला घेऊन कजलीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू हिरवागार, गुडघ्याला लागेल एवढा होता. मालोजीनं टपरीतून संच काढून दिले. एक वाजला. आनंदरावांनी तुकोजीच्या कमरेचा दोर आपल्या कमरेला बांधला, त्याचा हात धरला आणि पहिली पायरी उतरले. पाणी पायाला लागताच तुकोजी लहान मुलासारखा पुढे धावू लागला.

गढूळ थर संपला आणि उजेड लागला. बाविसावी पायरी गेली, तिसावी गेली. आनंदरावांनी सवयीनं ओढ कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. ती सगळ्या बाजूंनी होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती. आणखी खाली, त्या उचलल्या जाणाऱ्या तळावर, त्यांना एक कड दिसली. एक लांबच लांब, वळणदार कड, पापणीसारखी मिटलेली. ती किती मोठी आहे ते नजरेला ठरवता येईना. तोंडातली नळी केव्हा निसटली ते त्यांना समजलं नाही. तुकोजीनं त्यांच्याकडे वळून बघितलं, अगदी पूर्वीच्या तुकोजीसारखं.

८

पाण्याबाहेर येताना आनंदराव मनाशी वाक्य जुळवत होते. तुकोजी थोडा खाली थांबला होता. इलाजाची रीतच ती, एका पायरीवर थांबायचं, मग दुसरीवर. तो मजेत होता. त्याला वर यायला वेळ लागेल, एवढंच घरी सांगून पुन्हा खाली जायचं होतं. तासाभराचं काम.

पायरीवर मालोजी उभा होता. त्याची पांढरी दाढी छातीपर्यंत आली होती. त्यानं आनंदरावांकडे बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आनंदरावांना वाटलं, त्याला उद्या विचारू.

टांगा नव्हता, म्हणून ते चालत निघाले. दोन्ही बाजूंना शेतं मोकळी होती. गहू कापून नेलेला होता आणि पिवळी खुंटं उन्हात करकरीत वाळली होती. आनंदरावांना त्याचं नवल वाटलं, पण फार नाही. आता त्यांना लहानसहान गोष्टींचं नवल वाटत नव्हतं. छाती भरलेली होती आणि चालताना दम लागत नव्हता.

मल्हारगंजात दार शशिकलानंच उघडलं. सकाळचे सात वाजत होते. ती वाळून गेली होती. तिनं त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं, गल्लीत, कोपऱ्यापर्यंत. मग त्यांचे दोन्ही दंड धरले.

"दादा, हे कुठे आहेत?"

आनंदरावांना तिची फार कणव आली. एका वाक्यात तिची काळजी मिटणार होती. तुकोजी चांगला आहे, फक्त त्याला वेळ लागेल. ते खाटेवर बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलू लागले.

दारातून आलेला उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता. तो सरकत खाटेखाली गेला. मंगला समोर उभी होती, मग नव्हती, मग ताटात जेवण घेऊन बसलेली होती, मग ताटही नव्हतं. शेजारणी आल्या, दाराशी गर्दी झाली आणि विरली. एवढी धावपळ कशाला करताहेत ही माणसं, असं त्यांना वाटलं. शशिकला मात्र हलली नव्हती. ती त्यांच्या पायांशी मांडी घालून बसली होती आणि त्यांच्या ओठांकडे बघत होती.

तिच्या शेजारी आता कांताबाई होती. महूहून ती कधी आली, तिला कोणी निरोप दिला, आनंदरावांना कळलं नाही. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीचे बंद तिनं मुठीत घट्ट धरले होते.

"किती अक्षरं झाली?" तिनं विचारलं.

"एक," शशिकला म्हणाली.

कांताबाईनं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.